मातांवरचे संशोधन मोजायचे कसे? सांगली-मिरजेच्या वैद्यकीय संशोधन समित्यांना खुले पत्र

प्रति,
सांगली व मिरज परिसरातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संशोधन समित्यांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका-शिक्षिका आहे. सुरुवातीची काही वर्षे उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून काढल्यावर पुढची सगळी नोकरी मी एएनएमच्या (सहायक परिचारिका-प्रसविका अभ्यासक्रमाच्या) मुलींना शिकवण्यात घालवली. काही महिन्यांपूर्वी एका सत्कार समारंभाला गेले होते. प्रसूतिशास्त्राच्या एका ज्येष्ठ अध्यापकांचा परिचय करून देताना निवेदकांनी त्यांचे शोधनिबंध किती, ते किती वेळा उद्धृत झाले आणि त्यांचा एच-निर्देशांक किती, हे सांगितले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शेजारी माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. ती आज जत तालुक्याच्या पूर्व भागात एका उपकेंद्रावर आहे. तिने हळूच विचारले, ‘‘मॅडम, सरांनी शोधलं काय?’’ मला उत्तर देता आले नाही, कारण ते व्यासपीठावरून कोणी सांगितलेच नव्हते. त्या अध्यापकांचे काम चांगलेच असणार, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती आपण ते काम कोणत्या मापाने मोजतो याबद्दल, आणि म्हणून हे पत्र.

आकड्यांशी माझे भांडण नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंध लागतात, आणि एखाद्याचे दहा निबंध प्रत्येकी निदान दहा वेळा उद्धृत झाले असतील तर त्याचा एच-निर्देशांक दहा, हा हिशेबही सरळ आहे. उद्धृत होणे म्हणजे त्याच क्षेत्रातल्या जाणकारांनी दखल घेणे, आणि त्याचे मोल आहेच. पण बाळंतपणावरच्या निबंधाला दोन प्रकारचे वाचक असतात. एक, जे पुढचा निबंध लिहितात. दुसरे, जे रात्री दोन वाजता टेबलाशी उभे राहून वार पडण्याची वाट पाहत असतात. हे दुसरे वाचक कधीच कोणाला उद्धृत करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापर्यंत काय पोचले आणि काय पोचले नाही, याची नोंद कोणत्याच निर्देशांकात सापडत नाही.

एका संशोधिकेचे उदाहरण सविस्तर देते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डेबोरा मेन या साथरोगशास्त्रज्ञ, बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टर नव्हेत. १९८५ मध्ये त्यांनी आणि त्याच विद्यापीठातले स्त्रीरोगतज्ज्ञ ॲलन रोझेनफिल्ड यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. माता-बाल आरोग्याच्या नावाने जगभर जे कार्यक्रम चालतात त्यांत बाळाची काळजी दिसते, पण आई कुठे आहे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, नैरोबी येथे सुरक्षित मातृत्वाची जागतिक मोहीम सुरू झाली. तिची जमीन ज्यांनी नांगरून ठेवली त्यांत या लेखाचा वाटा मोठा होता.

त्यानंतर १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांचा निबंध ‘सोशल सायन्स अँड मेडिसिन’ या नियतकालिकात आला. त्यात नवे औषध नव्हते, नवी शस्त्रक्रिया नव्हती, एका नव्या रुग्णाचीही तपासणी नव्हती. देशोदेशीचे उपलब्ध अभ्यास वाचून दोघींनी एवढेच मांडले की बाळंतपणातली गुंतागुंत सुरू झाल्यापासून मृत्यू होईपर्यंत तीन ठिकाणी उशीर होतो: उपचार घ्यायचे ठरवण्यात, उपचाराच्या ठिकाणी पोचण्यात, आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात. आज आपल्याकडे मातामृत्यूचे अन्वेषण होते तेव्हा उशीर यांपैकी कुठे झाला, हेच विचारले जाते. मी स्वतः हे तीन उशीर वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आणि ते कोणी मांडले हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळले. एखाद्या विदुषीच्या प्रभावाचे याहून चांगले माप मला सुचत नाही. विचार इतका खोल मुरला की मिरजेतल्या शिक्षिकेला तो आपल्या विषयाचा जन्मजात भाग वाटावा आणि त्याला लेखक असेल हे ध्यानातही येऊ नये.

मात्र त्या निबंधातला एक निष्कर्ष आमच्या फळ्यावर कधी आला नाही, आणि माझ्या मते तोच आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत कामाचा आहे. अंतर आणि खर्च हे अडथळे आहेतच, पण लोक पुष्कळदा खर्चापेक्षा उपचाराच्या दर्जाला जास्त महत्त्व देतात, असे लेखिकांनी दाखवून दिले होते. म्हणजे तिसरा उशीर फक्त त्या एका बाईचा जीव धोक्यात घालून संपत नाही. त्याची वार्ता गावात पसरते आणि पुढच्या बाईच्या घरी पहिला उशीर तिथूनच सुरू होतो. जतच्या पूर्व भागातले एखादे कुटुंब जवळचे केंद्र ओलांडून, भाड्याची गाडी करून, थेट मिरजेला येते तेव्हा त्यांना अडाणी म्हणायची आपल्याला सवय आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उघडले तेव्हापासून मिरज हे उपचारांचे गाव म्हणून कर्नाटकापर्यंत माहीत आहे, त्यामुळे ती वाट जुनी आहे हे खरे. तरीही प्रत्येक वेळी ती सवयीनेच धरली जाते असे नाही. ते कुटुंब दर्जाचा हिशेब करत असते, आणि तो पुष्कळदा बरोबर असतो.

मेन यांच्या कामाचा आणखी एक भाग थेट वापरता येईल असा आहे. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या निधी यांनी १९९७ मध्ये प्रसूतिसेवा तपासण्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्या लेखकांत त्या होत्या. पाच लाख लोकसंख्येमागे तातडीची प्रसूतिसेवा देणारी किमान पाच केंद्रे हवीत आणि त्यांपैकी एकात सिझेरियन व रक्त देण्याची सोय हवी, असा त्यातला निकष. दारावरच्या पाटीला त्यात किंमत नाही. शिरेतून किंवा स्नायूत औषधे देणे, झटक्यांवर उपचार, अडकलेली वार हाताने काढणे, ही कामे त्या केंद्रात गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष झाली का, एवढेच पाहायचे. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार होती. म्हणजे त्या वेळच्या हिशेबानेही अशी अठ्ठावीस केंद्रे आणि त्यांत पाच-सहा पूर्ण सोयीची, अशी गरज निघते. मिरज-सांगलीच्या दाटीत ती सहज भरतील. आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या बाजूला ती किती आणि कोणत्या गावांत, हे तीन महिन्यांच्या निकषाने तपासण्याचे काम एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधात बसते. असा प्रबंध परदेशी नियतकालिकाने छापला नाही तरी जिल्ह्याला तो उद्याच उपयोगी पडेल.

कोणी म्हणेल की कोलंबिया विद्यापीठाचे उदाहरण आम्हाला काय कामाचे. म्हणून मिरजेहून लोंढ्याच्या गाडीत बसले तर काही तासांत येणाऱ्या बेळगावचे सांगते. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या बी. एस. कोडकणी, शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रिचर्ड डरमन यांच्याबरोबर बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत एक चाचणी केली. ती २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. प्रश्न अगदी उपकेंद्रावरचा होता. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम, पण ते थंड ठेवावे लागते आणि टोचायला माणूस लागतो. जिथे फ्रीज नाही, तिथे मिसोप्रोस्टॉलच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी काम भागेल का? १,६२० स्त्रिया, पंचवीस आरोग्य सेविका. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि तीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. निम्म्या स्त्रियांना तुलनेसाठी औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या, हे वाचताना मन आजही अडखळते, आणि संशोधनाच्या नीतीवर आपल्या समितीत चर्चा होते तेव्हा हे उदाहरण टेबलावर असावे असे मला वाटते. पण २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी मिसोप्रोस्टॉल आले, त्यामागच्या पुराव्यांत ही चाचणी महत्त्वाची होती, हेही तितकेच खरे.

मला त्या चाचणीतल्या गोळीपेक्षा प्लॅस्टिकचा एक तुकडा अधिक मोलाचा वाटतो. रक्त किती गेले हे मोजण्यासाठी बेळगावच्या संशोधकांनी खुणा केलेली, खाली निमुळत्या पिशवीसारखी होत जाणारी स्वस्त चादर तयार करून घेतली. ती बाळंतिणीच्या खाली अंथरायची आणि पिशवीवरचा आकडा वाचायचा. आम्ही शिकलो आणि शिकवले ते ‘अंदाजे’: कापड किती भिजले, खाली थारोळे किती. बेळगावातच झालेल्या तुलनेत नजरेचा हा अंदाज चादरीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी निघाला. माझ्या हातून गेलेल्या मुलींना मी जो अंदाज शिकवला तो एवढा चुकीचा होता, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. उपकेंद्रावर असतानाची एक बाळंतीण आठवत राहिली. तिच्या नोंदीत मी ‘रक्तस्राव साधारण’ असे लिहिले होते आणि संध्याकाळी तिचा हात थंड लागला होता. ती वाचली, पण माझ्या नोंदीमुळे नाही.

पुढे अशाच खुणांच्या चादरीभोवती केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास झाला. चादरीवर रक्तस्राव वेळीच ओळखायचा आणि गर्भाशयाचा मसाज, औषधे, रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळे एकदमच सुरू करायचे, अशी त्यातली पद्धत. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्रावाच्या जवळपास निम्म्याच केसेस ओळखल्या जात होत्या, नव्या पद्धतीत ९३ टक्के ओळखल्या गेल्या, आणि तीव्र रक्तस्रावासारखे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. बेळगावच्या खेड्यांत वापरलेली साधी चादर कुठवर गेली, हे मोजायला कोणता निर्देशांक लावायचा? आणि आपल्या जिल्ह्यातल्या किती लेबर रूममध्ये ती आज आहे? हा दुसरा प्रश्न मी आपल्याला उत्तराच्या अपेक्षेने विचारत आहे.

आता थोडे गणित. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या अहवालानुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. २००४-०६ मध्ये हाच आकडा १३० होता. ही घट साधी नाही, आणि तिचे श्रेय घेणाऱ्यांच्या रांगेत आरोग्य सेविका आणि आशा कार्यकर्त्या शेवटी उभ्या असतात, हे जाता जाता नोंदवते. पण या घटीचा संशोधनावर एक परिणाम होतो. तीस हजार वस्तीचे प्राथमिक आरोग्य केंद्र घेतले आणि जन्मदर हजारी पंधरा धरला, तर वर्षाला साडेचारशे जन्म होतात. ३३ च्या दराने तिथे सहा-सात वर्षांत एक मातामृत्यू दिसेल. म्हणजे एका केंद्राच्या नोंदी चाळून मातामृत्यूची ‘कारणे’ सांगणाऱ्या प्रबंधाला आता फारसा अर्थ उरलेला नाही. पाहायला हवे ते मरणाच्या दारातून परत आलेल्या बायांकडे, आणि त्याहून मोठ्या संख्येने दुखणे अंगावर काढणाऱ्या बायांकडे.

त्यासाठी गडचिरोलीचा आदर्श घरातलाच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी मांडली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पुढे २००४ मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांनी घरी बाळंत झालेल्या ७७२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी तो प्रत्यक्ष हजर राहून नोंदवला होता. सुमारे १५ टक्के स्त्रियांना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज पडण्याजोगी स्थिती होती आणि ४३ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या दिवसांत काही त्रास झाला. आपल्याकडे आज बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण घरी सोडल्यानंतरचे चाळीस दिवस आपल्या संशोधनात जवळजवळ कोरे आहेत. स्तनात गाठ येणे, अंगावरून पुन्हा जास्त जाणे, ताप, झोप न लागणे, टाके उसवणे, यांच्या गोष्टी आशांना तोंडपाठ आहेत. त्या वहीत उतरवून घ्यायला कोणी येत नाही.

येतात ते रजिस्टर न्यायला. मी उपकेंद्रावर होते तेव्हा एका महाविद्यालयातून (कोणत्या, हे सांगायची गरज नाही) एक पदव्युत्तर विद्यार्थी आला. आठवडाभर तो आमच्या नोंदवह्या उतरवत बसला. आम्ही त्याला चहा दिला, गरोदर बायांच्या घरी नेले, जिथे बाई बोलायला तयार नव्हती तिथे तिची समजूत घातली. ‘‘सर, आम्हाला पण कळवा काय निघालं ते,’’ असे मी त्याला दोनदा सांगितले. त्याचा प्रबंध झाला, तो आज नामवंत डॉक्टर असेल. आमच्याकडे एक ओळही परत आली नाही. त्या घरांतल्या बायांनी पुढे मला विचारले, ‘‘बाई, त्या पोरानं एवढं लिहून नेलं, त्याचं काय झालं?’’ सत्कारात माझ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला पहिल्यांदा त्या ओसरीवर ऐकू आला होता.

आणखी एक विषय आपल्या दाराशी आहे आणि तो आपणच करायला हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वाळवा, पलूस, कडेगावच्या फडांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडच्या असतात, तशा आपल्याच जतच्याही. त्यांत गरोदर बाया असतातच. बाईची नोंद एका जिल्ह्यात, ती राहते दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोपीत, आणि बाळंतपण कुठे होईल हे कारखान्याच्या गाळपावर ठरते. थॅडियस आणि मेन यांचा पहिला उशीर इथे कसा दिसतो? नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. दुखायला लागले तरी बाई मोळी बांधून होईपर्यंत बोलत नाही, आणि बोलली तरी त्या गावात कोणती आशा कुठे राहते हे तिला ठाऊक नसते. इथे निर्णय फक्त घरात होत नाही, तो मुकादम आणि फडही घेतो. तीन उशिरांच्या मांडणीत भर घालता येईल असे मूळ काम सांगली जिल्ह्यातून होऊ शकते, आणि ते जगाच्या उपयोगी पडेल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. हंगामात पहाटे फडावर जाणारा संशोधक लागतो आणि त्याला ओळखणारी एक आशा लागते.

या सगळ्याला धरून आपल्याला माझ्या विनंत्या आहेत. बाळंतपण, गरोदरपण किंवा बाळंतिणीचे आरोग्य यावर काम करणाऱ्या अध्यापकाचे मूल्यमापन करताना निबंधांच्या यादीबरोबर एक पान मागवावे: या कामामुळे कोणत्या लेबर रूममध्ये, कोणत्या उपकेंद्रावर, काय बदलले, आणि बदलले नसेल तर का. दुसरी गोष्ट, जिल्ह्यातल्या बायांच्या माहितीवर झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा एका पानाचा मराठी सारांश, आणि जतच्या सीमेवरच्या गावांसाठी कन्नड सारांश, ज्या केंद्रातून माहिती घेतली तिथे पोचल्याशिवाय प्रबंध पूर्ण झाल्याचे पत्र देऊ नये. ज्या आरोग्य सेविकांनी आणि आशांनी माहिती गोळा केली त्यांची नावे, त्यांची संमती असेल तर, निबंधात यावीत. बेळगावच्या त्या पंचवीस आरोग्य सेविकांपैकी एकीचेही नाव मला सांगता येत नाही, आणि याची मला खंत वाटते. मातामृत्यू अन्वेषणाच्या बैठकांतून निघालेले धडे, नाव-गाव गाळून, वर्षातून एकदा परिचारिका प्रशिक्षण केंद्रांना मिळावेत, यासाठी आपण जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाशी बोलावे.

यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि आपल्या निवासी डॉक्टरांना तो किती कमी मिळतो हे मी रात्रपाळ्यांत पाहिले आहे. म्हणून मराठी सारांशांचे काम कोणावर लादावे असे मी म्हणत नाही. पहिली दहा पाने मराठीत आणण्याचे काम मी विनामूल्य करीन; कन्नडसाठी जतमधल्या माझ्या दोन माजी विद्यार्थिनी तयार आहेत. गेल्या तीन वर्षांतल्या प्रबंधांपैकी कोणते दहा आधी घ्यायचे, एवढे आपण ठरवून द्यावे. सत्कारात मला प्रश्न विचारणारी मुलगी त्यांपैकी पहिले पान आपल्या उपकेंद्राच्या भिंतीवर लावणार आहे. तिने जागा मोकळी करून ठेवली आहे, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका-शिक्षिका
मिरज, जि. सांगली